टिचकीमास्तरांचा डावा कान

९ मार्चला आमच्या कारखान्याच्या कामगार कल्याण निधीतून ३,८६,४७० एवढी रक्कम एका रुग्णालयाला दिली गेली. धनादेश मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात "हृदय शस्त्रक्रिया, तपासणी विभाग" अशी नोंद केली. तपासणी विभाग म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि टिचकीमास्तर.

आमचा कारखाना चिनी मातीची भांडी करतो. हॉटेलांना आणि रुग्णालयांना लागणाऱ्या बशा, वाडगे, पेले. भट्टीतून निघालेला प्रत्येक नग तपासणीच्या टेबलावर येतो. डाग, फोड, वाकडी कड हे दोष कुणालाही दिसतात. केसाहून बारीक चीर मात्र दिसत नाही, ती ऐकावी लागते. वाडगा डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हाताने कडेला टिचकी मारायची आणि कान द्यायचा. धड वाडगा वाजतो आणि थोडा वेळ वाजतच राहतो. चीर गेलेला बद्द बोलतो आणि लगेच गप्प होतो. मास्तर एकतीस वर्षं हे काम करत होते. दिवसाला सुमारे दीड हजार नग. त्यांच्या मधल्या बोटाचं नख पिवळट होऊन शिंपल्यासारखं जाड झालं होतं. नाव त्यावरूनच पडलं. पगारपत्रकावरचं नाव विचारलं तर अर्धा कारखाना डोकं खाजवील.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. नापास झालेला नग तपासणाऱ्यानेच, तिथल्या तिथे, हातोडीने फोडायचा. बाजूला ठेवला तर कुणाच्या तरी हातून चांगल्यात मिसळतो. म्हणून मास्तरांच्या टेबलापाशी पत्र्याचं एक पिंप असे आणि त्यात दिवसभर खळ्ळ, खळ्ळ चाललेलं असे. त्यांनी पास केलेला नग गिऱ्हाइकाकडून परत आला असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. नव्या माणसाला बाकीचे सांगत.

आम्ही दोघं एकाच महिन्यात कामाला लागलो. ते खाली, मी वर हिशेबात. मला ते "खतावणी" म्हणत. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी जागा मिळवायला लोक लवकर येत. एकदा त्यांनी भांडारपालाच्या टकलावर टिचकी मारली, कान जवळ नेला आणि गंभीरपणे म्हणाले, "पास. पण आत काही नाही." भांडारपाल स्वतः सगळ्यांत जास्त हसला होता.

शस्त्रक्रिया छाती उघडून झाली. तीन ठिकाणी बायपास. ब्याण्णव मिनिटं हृदय थांबवून ठेवलं होतं आणि तेवढा वेळ रक्त एका यंत्राने फिरवलं. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा हा आकडा त्यांना पाठ झाला होता.

"ब्याण्णव मिनिटं गैरहजर होतो, खतावणी. पगार कापू नका."

"किरकोळ रजेत टाकतो," मी म्हणालो.

ते हसले, आणि मग हळूच म्हणाले, "एक सांगू? डाव्या कानात शिट्टी वाजतेय. शुद्धीवर आलो तेव्हापासून. मला वाटलं, उशाशी कुठलं तरी मशीन आहे. नर्सबाईला म्हटलं, ते जरा बंद करा. ती म्हणाली, कुठलं? मग मला या खोलीत आणलं, तर शिट्टी बरोबर आली."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. डावीकडे वळलं की पलंगही फिरतो. तेही जाईल म्हणाले."

मी त्या वेळी जे बोललो ते मला लख्ख आठवतं. मी म्हणालो, "अहो, हृदय सुरू झालंय, कान कुठे घेऊन बसलात!"

त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

मुलगी परगावाहून आली होती. बारा दिवस राहिली, औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवल्या आणि मुलांची शाळा होती म्हणून परत गेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मास्तर आणि ती शिट्टी, एवढंच उरलं.

एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा खोलीतलं सामान हललेलं होतं. खुर्ची भिंतीला डावी बाजू लावून ठेवलेली, उजवा कान दाराकडे. फोनही उजवीकडच्या स्टुलावर.

"सगळे आवाज आता एकाच बाजूने येतात," ते म्हणाले. "नळ वाहतोय की खाली कुणी झाडतंय, कळत नाही. परवा कुकर समजून गॅस बंद करायला धावलो. गॅसवर काही नव्हतंच. आमची घरचीच शिट्टी!"

"चालताना?"

"चालताना डावीकडे जातो. जिन्यात भिंतीला धरून उतरत होतो, तर शेजारीणबाई म्हणाल्या, काय हो मास्तर, या वयात सुरू केलंत का? मी म्हटलं, सुरू केलं असतं तर निदान मजा तरी आली असती."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. पहिल्यांदा ते दाराकडे गेले, मग परत फिरून फोनपाशी आले. "हो गं. हो. चाललंय. काय? ... हो, घेतली. काय म्हणालीस? ... नाही नाही, ऐकू येतंय, लाइनच खराब आहे." पलीकडून ती काहीतरी जोरात म्हणाली ते मलाही ऐकू आलं : "बाबा, तिसऱ्यांदा विचारताय तेच!" फोन ठेवून ते म्हणाले, "तिला वाटतं, लक्ष नाही माझं."

३ जूनला ते कामावर रुजू झाले. डॉक्टरी दाखल्यावर लिहिलं होतं : हृदयाचं कार्य समाधानकारक, पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. कानासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. वाडगा काही पाच किलोचा नसतो. मास्तर टेबलावर बसले.

पहिल्या आठवड्यात सगळे येऊन भेटून गेले. छातीवरचा व्रण बघायला मागत होते. मास्तर वरची दोन बटणं काढून दाखवत. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. कँटीनच्या गोंगाटात त्यांना समोरच्याचं बोलणं वेगळं काढता येत नसे. विनोद झाला की ते इतरांची तोंडं बघून हसत, म्हणजे एक क्षण उशिरा. कुणी डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे बघत, आणि तिथे कुणी नसलं की परत ताटात.

"मास्तर, मी इकडे! तिकडे कोण वाट बघतंय तुमची?" चाकावर काम करणारा एकजण ओरडे. पहिल्यांदा हशा होई. पुढे हाका कमी झाल्या. "ऑपरेशन झाल्यापासून साहेब झालेत, ओ देत नाहीत," असं मी स्वतः जिन्यात ऐकलं. जुलैच्या मध्याला ते डबा तपासणीच्या टेबलावरच खायला लागले. कँटीनमध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी पिशवी ठेवत असे.

आता आकडे. नापास मालाचं प्रमाण आमच्याकडे वर्षानुवर्षं शंभराला तीनच्या आतबाहेर राहतं. जूनमध्ये ते पाच झालं. जुलैत सात. ऑगस्टमध्ये साडेनऊ. हे पत्रक दर महिन्याला माझ्या सहीने व्यवस्थापकांकडे जातं, आणि नापास माल शंभराला चारच्या वर गेला की भट्टीवरच्या अकरा माणसांचा तिमाही बोनस कापला जातो. नियम तसा आहे, कारण चीर पडते ती भट्टीत.

भट्टीवर मुख्य असलेले भट्टीवाले वर माझ्याकडे आले. गडी मोठा, आवाज त्याहून मोठा.

"माझी माती तीच, आच तीच, माणसं तीच," ते म्हणाले. "मार्चपर्यंत तीन टक्के आणि आता साडेनऊ? काय बदललंय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. अकरा घरं आहेत साहेब. एका माणसासाठी किती दिवस गप्प बसायचं?"

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"विचारलं की. टेबलापाशी उभं राहून दोनदा विचारलं. मान वर केली नाही त्यांनी. माझ्यासमोर माझे तीन वाडगे फोडले. एवढी घमेंड?"

"कुठल्या बाजूला उभे होतात?"

"कुठल्या म्हणजे?" त्यांनी जरा आठवून डावा हात उचलला. "पिंपाच्या बाजूला."

पिंप मास्तरांच्या डावीकडे असतं.

मी त्या दुपारी खाली गेलो आणि पिंपाच्या बाजूला उभा राहिलो. "मास्तर," मी म्हणालो. त्यांनी टिचकी मारली. वाडगा कानापासून चार बोटांवर नेला, मग कान बदलला, मग पुन्हा टिचकी. मला, ज्याला यातलं काही कळत नाही, तो छान वाजलेला ऐकू आला. मास्तर जरा थांबले, आणि त्यांनी तो पिंपात फोडला. "मास्तर," मी पुन्हा म्हणालो. पुढचा वाडगा हातात आला होता. मी पलीकडून फिरून उजवीकडे गेलो तेव्हा ते दचकले.

"कधी आलात?"

"आत्ताच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. जायला तयार नव्हते. मी म्हटलं, माझा कान दुखतोय, सोबत चला. म्हणाले, "खतावणी, खोटं बोलायला शिका आधी." पण आले.

काचेच्या पेटीत बसवून, कानांना यंत्र लावून त्यांची तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. उजव्या कानाच्या वेळी त्यांचा अंगठा भराभर चालला, शेवटी शेवटी थोडा मंदावला. डाव्या कानाच्या वेळी ते अंगठा बटणावर ठेवून बसून राहिले. सगळा वेळ. इतक्या लक्षपूर्वक बसलेलं माणूस मी क्वचित पाहिलं असेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कानाच्या अगदी आतल्या भागाला रक्त देणारी नळी एकच असते, तीही दोऱ्याएवढी. बाकीच्या अवयवांसारखी दुसरी पर्यायी वाट नसते. हृदय थांबवून यंत्राने रक्त फिरवतात तेव्हा कधीकधी रक्ताचा दाब तिथे कमी पडतो, किंवा एखादा बारीक कण किंवा हवेचा बुडबुडा त्या नळीत अडकतो. फार थोड्या लोकांना होतं. बहुतेक वेळा एकाच कानाला. तोल सांभाळणारा भागही तिथेच असतो, म्हणून खोली फिरते.

"नक्की यामुळेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण शुद्धीवर आल्यापासून आहे म्हणता, तर तेच असण्याची शक्यता जास्त. तुम्ही तेव्हा कुणाला बोलला नाहीत का? पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केलं तर काहीजणांना थोडं परत येतं."

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. "बोललो होतो," ते म्हणाले. "मशीन बंद करा म्हणून बोललो होतो."

मी खिडकीकडे बघितलं.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता पाच महिने झाले. डावा कान येणार नाही. चक्कर कमी व्हायला व्यायाम देते, ते मन लावून करा. शिट्टीची सवय होते. उजवा कान वयाच्या मानाने बरा आहे, पण वरच्या पट्टीतले बारीक आवाज तिथेही कमी झालेत. तुमचं काम काय?"

"वाजवून ऐकायचं."

बाईंना कळलं नाही. मास्तरांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट तीन बोटांवर तोलला, टिचकी मारली, उजवा कान जवळ नेला. मग तो जागच्या जागी ठेवला.

परत येताना त्यांनी मला उजव्या बाजूला चालायला लावलं. रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे तीन-तीनदा बघत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "आवाज पुरा ऐकू येत नाही हे कळत होतं. वाडगा वाजतो, पण शेपूट ऐकू येत नाही. मग वाटतं, हा थांबला का मी थांबलो? शंका आली की फोडायचा. शंकेचा नग पास केला आणि कुणाच्या मांडीवर उकळतं सूप सांडलं तर?"

"आणि फोडलेले चांगले असले तर?"

"तर माल जातो. माणूस भाजत नाही." थोडं चालल्यावर ते थांबले. "भट्टीवाल्यांचा बोनस कापतात का यात?"

मी हो म्हणालो. एकतीस वर्षं एका छपराखाली काम करूनही त्यांना तो नियम ठाऊक नव्हता. चारच्या वर आकडा कधी गेलाच नव्हता.

सोमवारी सकाळी मास्तरांनी भट्टीवाल्यांना आणि मला टेबलापाशी बोलावलं. हातोडी त्यांनी आधीच भांडारात जमा केली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे वाडगे तपासले, पण नापास झालेला एकही फोडला नाही. सगळे एका फळीवर मांडत गेले. चाळीस झाल्यावर थांबले. मग शेजारच्या टबात लाल शाईचं पाणी केलं आणि चाळीसही त्यात बुडवले. धड भांड्यावरची शाई पुसली जाते, चीर असली की तिच्यात लाल रेघ राहते. ही परीक्षा खात्रीची आहे, पण तिला दोन तास लागतात, म्हणून रोजच्या कामात कुणी वापरत नाही.

दोन तास आम्ही आपापल्या कामाला गेलो. मास्तर टबापाशी बसून होते.

परत आल्यावर त्यांनी एकेक वाडगा काढून पुसायला सुरुवात केली. भट्टीवाले मोजत होते, आधी मोठ्याने, मग पुटपुटत. चाळीसपैकी नऊ वाडग्यांत लाल रेघ निघाली. एकतीस स्वच्छ होते.

"एकतीस," मास्तर म्हणाले. "वर्षाला एक."

कुणी हसलं नाही. भट्टीवाले इतका वेळ भांडायच्या पवित्र्यात उभे होते. त्यांनी हातातलं फडकं टबाच्या काठावर ठेवलं. "मास्तर, माझं तसं म्हणणं नव्हतं हो," ते म्हणाले. पण ते डावीकडे उभे होते.

"काय?" मास्तरांनी उजवीकडे बघितलं.

भट्टीवाले वळसा घालून पलीकडे आले. "म्हटलं, शाई चांगली आहे."

"भट्टी चांगली आहे," मास्तर म्हणाले. "खतावणी, लिहा. जूनपासून जास्तीचा नापास माल तपासणीच्या चुकीने फुटला, भट्टीच्या नाही. सही मी करतो."

"त्याचा अर्थ कळतोय ना?" मी विचारलं. "मग टेबल राहणार नाही. निवृत्तीला चौदा महिने आहेत तुमचे. मी दुसरं काहीतरी सुचवून बघतो."

"अकरा घरं आहेत म्हणे. माझं एकच आहे, आणि त्यात मीच असतो. लिहा."

मी लिहिलं. आठ ओळी झाल्या. त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली, २ सप्टेंबर. भट्टीवरच्या अकरा जणांना त्या तिमाहीचा बोनस पूर्ण मिळाला. टेबलावर झिलई विभागातली एक बाई आली. कान तीक्ष्ण आहे तिचा. प्रमाण पुन्हा तीनवर आलं.

मास्तरांना पॅकिंगमध्ये घातलं. तिथे दिवसभर कागदाचा चुरगळा आणि पुठ्ठ्याची खरखर. खोक्यात वाकून भांडी रचायची असतात, आणि वाकलं की त्यांना फिरायचं. तीन आठवड्यांनी एकदा ते खोक्याचा काठ धरून खाली बसले ते अर्धा तास उठले नाहीत. ३० नोव्हेंबरला त्यांनी अकरा महिने आधीच निवृत्ती घेतली. निरोपाला चहा झाला. चारजण बोलले. मास्तर प्रत्येकाकडे बघत मान हलवत होते. त्यातलं किती पोचलं ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी फाटकाशी भट्टीवाल्यांनी त्यांना हाक मारली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "दोनदा मारली. बघितलंही नाही हो. तसेच गेले."

"डावीकडून मारली असेल."

"ते कळतंय मला. सगळं कळतंय. पण हाक मारली की माणसाने बघावं असं वाटतंच ना?" आणि ते खाली निघून गेले. पुढे घरी जाऊन भेटले का, मी विचारलं नाही.

मी जानेवारीत एका रविवारी दुपारी गेलो. दोन मजले चढून बेल दाबली. तीनदा दाबली. आतून बेल वाजल्याचं मला नीट ऐकू येत होतं. दहा मिनिटं थांबलो आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"अहो, घरीच होतो," ते म्हणाले. "झोपलो होतो. उजव्या कुशीवर झोपतो ना मी. डावीवर वळलं की फिरतं."

"म्हणजे चांगला कान उशीत."

"हो. मग काही येत नाही. आपली शिट्टी तेवढी." जरा थांबून म्हणाले, "या परत. येण्याआधी फोन करा."

"करतो," मी म्हणालो. "पण झोपला असाल तर फोन तरी कसा ऐकू येणार?"

"तेही आहे," ते म्हणाले.

त्यानंतर वर्ष अखेरचे हिशेब सुरू झाले आणि माझं जाणं झालं नाही. मार्चमध्ये मी माझी स्वतःची खासगी वही जुळवली. कानाच्या तपासणीचे ८५० त्या दिवशी मी भरले होते. त्यातले पाचशे त्यांनी सोमवारी पाकिटात घालून आणून दिले होते. साडेतीनशे अजून येणे आहेत.